एका शब्दाचा अहवाल

दिवाळीच्या अंकात तापाची आणि रक्ताची गोष्ट काढू नये, अशी ताकीद मला घरातूनच मिळाली आहे. समोर चकल्या-करंज्यांचे ताट असावे, अंगणात पणत्या लागलेल्या असाव्यात आणि गुरुजींनी हिवतापाचे जंतू घेऊन बसावे, हे शोभत नाही म्हणे! पण माझा नाइलाज आहे. आमच्या कोकणात हिवताप आणि दिवाळी यांचा शेजार जुना आहे. पाऊस सरलेला असतो, पण डबकी सरलेली नसतात. मुंबईत इमारतींच्या कामावर असलेली मुले गणपतीला घरी येतात, तेव्हा पेढ्यांच्या पुड्याबरोबर कधी कधी तापही घेऊन येतात. आणि मग नरकचतुर्दशीच्या पहाटे साऱ्या वाडीत अभ्यंगस्नाने चाललेली असताना एखाद्या घरात कुणीतरी चार गोधड्यांखाली दात वाजवीत पडलेला असतो. त्याच्याविषयी दिवाळी अंकात लिहावयाचे नाही, तर कुठे लिहावयाचे? सरकारी गॅझेटात?

तेव्हा फराळ चालू द्यावा आणि माझे भांडणही ऐकून घ्यावे. हे भांडण एका कागदाशी आहे. कागद गुळगुळीत असतो. वर प्रयोगशाळेचे नाव रंगीत अक्षरांत, खाली सही आणि शिक्का, आणि मधल्या ऐसपैस पांढऱ्या जागेत एकच ओळ : 'मलेरिया पॅरासाइट : पॉझिटिव्ह.' एवढेच. त्या ओळीतला पहिला भाग आधीच छापलेला असतो. म्हणजे माणसाने लिहिलेला असा शब्द एकच. या एका शब्दासाठी रोग्याने बोट टोचून घेतलेले असते, पैसे मोजलेले असतात आणि अर्धा दिवस बाकावर काढलेला असतो.

समजा, एखाद्या संपादकाने माझी कादंबरी परीक्षणासाठी कुणाकडे पाठविली आणि परीक्षकाने 'पुस्तक आहे' एवढा अभिप्राय लिहून मानधन घेतले, तर त्याला आपण काय म्हणू? किंवा मी वार्षिक परीक्षेच्या प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलापुढे 'परीक्षेस बसला' असे लिहून मोकळा झालो, तर पालक मला शाळेत पाय ठेवू देतील काय? परंतु रक्ताच्या बाबतीत हाच अभिप्राय आपण मुकाट्याने खिशात घालतो. माझे म्हणणे असे आहे की, हा एका शब्दाचा अहवाल म्हणजे अर्धवट केलेले काम आहे, आणि ज्याच्या रक्ताचे ते काम आहे त्याने ते परत करावयास हवे.

'तुम्ही कोण हो हे सांगणारे?' असा प्रश्न येणारच. मी मॅट्रिकच्या पायरीवर थांबलेला मास्तर आहे. वैद्यकाचे एक पुस्तकही मी परीक्षेसाठी वाचलेले नाही. पण मागे एका कादंबरीत मला एक प्रयोगशाळा-तंत्रज्ञ रंगवावयाचा होता, आणि ज्या माणसाचा धंदा ठाऊक नाही त्याला कादंबरीत आणू नये असा माझा नेम असल्यामुळे, एक सबंध पावसाळा मी शाळा सुटल्यावर एका आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञांच्या टेबलाशी जाऊन बसत असे. ती कादंबरी फारशी खपली नाही. पण त्या टेबलाशी जे पाहिले ते मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.

पहिल्या आठवड्यात मला काहीच दिसले नाही. एका भिंगाखाली रक्ताची काच असे. तिच्यावर तेलाचा थेंब, त्या थेंबात बुडालेले शंभर पटींचे भिंग, वर डोळ्याशी दहा पटींचे. म्हणजे वस्तू हजार पट मोठी. मला दिसे ते फक्त फिकट गुलाबी नाण्यांचे अंगण. 'गुरुजी, घाई करू नका. तुम्ही जंतू शोधताय. आधी निरोगी पेशी कशी दिसते ते बघा,' असे ते मला सांगत. शिकविण्याची ही रीत मला, मास्तरालाही, नवी होती. चार दिवस त्यांनी मला नुसत्या निरोगी पेशी पाहावयास लावल्या. त्यानंतर एका नाण्याच्या आत निळ्या रेघेची एक इवलीशी अंगठी आणि अंगठीवर लाल खडा दिसला, तेव्हा कुणी सांगावे लागले नाही.

हा जंतू मनुष्याच्या रक्तात एकाच रूपाने राहत नाही. त्याला बाळपण आहे, तारुण्य आहे, प्रपंच आहे. लाल पेशीत शिरल्यावर तो प्रथम अंगठीसारखा असतो. मग तो पेशीतला लाल द्रव खात सुटतो, वाढतो, वेडावाकडा पसरतो, आणि खाल्ल्याची खूण म्हणून काळसर-तपकिरी कण मागे ठेवतो. पुढे त्याचे तुकडे होऊ लागतात. एकाचे अनेक होतात, पेशी फुटते, पिले बाहेर पडून नव्या पेशींत घुसतात, आणि नेमके त्याच वेळी रोग्याला हुडहुडी भरते. आमच्या आज्या-पणज्यांना हे जंतू ठाऊक नव्हते, पण 'पाळीचा ताप' हा शब्द त्यांच्या तोंडी होता. आयुर्वेदाने एक दिवसाआड येणाऱ्या तापाला तृतीयक आणि दोन दिवस सोडून येणाऱ्याला चतुर्थक अशी नावे फार पूर्वी दिली होती. ती पाळी पेशी फुटण्याच्या वेळेशी जुळते, हे इटलीतील पाविया येथे कामिल्लो गोल्जी याने १८८५-८६ च्या सुमारास दाखविले. कसे दाखविले? रोग्याच्या रक्तातला जंतू कोणत्या अवस्थेत आहे ते पुनःपुन्हा पाहून, आणि ते नीट लिहून ठेवून. नुसते 'आहे' असे लिहून गोल्जी घरी गेला असता, तर पाळीचे कोडे तसेच राहिले असते.

काही थोडे जंतू मात्र या प्रपंचात पडत नाहीत. ते नर किंवा मादी होऊन डासाची वाट पाहत रक्तात फिरत राहतात. रोग्याला त्यांच्यापासून ताप येत नाही. पण शेजाऱ्याला येणाऱ्या तापाचे बीज तेच. हे ध्यानात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता जाती. आपल्याकडे मुख्यतः दोन : व्हायव्हॅक्स आणि फाल्सिपॅरम. व्हायव्हॅक्सला कोवळ्या लाल पेशी आवडतात. त्याने घर केलेली पेशी शेजारणींपेक्षा मोठी आणि फिकट दिसते. चांगला रंग दिला असेल तर तिच्यावर बारीक गुलाबी ठिपके उठतात. अंगठी जाडसर, पेशीचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापणारी. मोठा झाला की हा जंतू अमीबासारखा हातपाय पसरतो, आणि फुटण्याच्या वेळी त्याची बारा ते चोवीस पिले मोजता येतात. फाल्सिपॅरमची तऱ्हा निराळी. त्याची पेशी मोठी होत नाही. अंगठी नाजूक, केसासारखी; कधी तिच्यावर एकाऐवजी दोन खडे; कधी एकाच पेशीत दोन-तीन अंगठ्या; कधी अंगठी पेशीच्या काठाला चिकटून बसलेली, जणू उंबऱ्यावरच बैठक मारली आहे. आणि त्याचे नर-मादी चंद्रकोरीसारखे, किंवा आमच्या तंत्रज्ञांच्या शब्दांत 'राजेळी केळ्यासारखे'. ही कोर एकदा पाहिली की ती जात पुन्हा चुकत नाही.

मात्र फाल्सिपॅरमची खरी कपटविद्या अशी की, त्याची मधली रूपे, म्हणजे वाढलेला आणि फुटावयास आलेला जंतू, बोटाच्या रक्तात सहसा दिसतच नाहीत. त्या अवस्थेतल्या पेशी मेंदूतल्या आणि इतर अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. काचेवर दिसतात त्या कोवळ्या अंगठ्या आणि कोरी. डाका घालणारे आत दडलेले. म्हणूनच एक काच निर्मळ निघाली तरी संशय असल्यास बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा रक्त पाहावयाचे असते. आणि याच जातीची मोठी, कणांनी काळवंडलेली रूपे जर बोटाच्या रक्तात उघड फिरताना दिसली, तर ते लक्षण वाईट. आत किती गर्दी झाली असेल याची ती खूण आहे. 'पॉझिटिव्ह' या शब्दात हे कुठे बसते, मला दाखवा.

काही डॉक्टर म्हणतात, 'अवस्था-बिवस्था कशाला? औषध द्यायचे ते देतोच.' हे म्हणणे मला मान्य नाही, आणि शास्त्रालाही मान्य नाही. औषध एक नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या उपचारपद्धतीत व्हायव्हॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन. फाल्सिपॅरमला आर्टेमिसिनिन गटातले संयुक्त औषध तीन दिवस, आणि कोरी मारण्यासाठी प्रायमाक्विनची एकच मात्रा. चौदा दिवस कशासाठी, तर व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतात कुंभकर्णासारखे झोपून राहतात. रक्त निर्मळ होते, ताप जातो, माणूस कामाला लागतो, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कुंभकर्ण उठतो. (प्रायमाक्विन ही गोळी शेजारणीने सांगितली म्हणून गिळण्याची नव्हे. काहींच्या रक्तात एका विकराची जन्मजात उणीव असते, त्यांच्या लाल पेशी तिने फुटतात. गरोदर बाईला आणि तान्ह्या मुलाला ती देत नाहीत. ते डॉक्टरांनी पाहावयाचे.)

आमच्या शाळेतल्या नववीच्या एका मुलीचे उदाहरण सांगतो. जुलैत ताप आला. खाजगी प्रयोगशाळेचा कागद आला, 'पॉझिटिव्ह'. तीन दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, ताप गेला. सहामाही परीक्षेच्या तोंडावर पुन्हा ताप, पुन्हा दुसरीकडचा तसाच कागद, पुन्हा तीन दिवस. जानेवारीत तिसऱ्यांदा. मुलगी वाळून खारीक झाली होती. आई मला म्हणाली, 'गुरुजी, हिला कुणाची तरी दृष्ट लागली हो. मीठमोहऱ्या ओवाळून थकले मी.' बाप म्हणे, आमच्या विहिरीचा दोष. तिसऱ्या खेपेला तिची काच सरकारी केंद्रात गेली आणि कागदावर चार शब्द अधिक आले : व्हायव्हॅक्स, अंगठ्या आणि वाढलेली रूपे, शिवाय संख्या. तो कागद पाहून डॉक्टरांनी मागची हकीकत विचारली, विकराची तपासणी करून घेतली आणि चौदा दिवसांचे औषध सुरू केले. त्यानंतर ताप आला नाही. पण सहामाही बुडाली ती बुडालीच, आणि गणितात जी मागे पडली ती दहावीपर्यंत मागेच राहिली. दृष्ट लागली होती हे खरे. जी दृष्टी काचेवर लागावयास हवी होती, ती लागली नव्हती.

आता दुसरा पक्ष येतो, कार्डवाल्यांचा. कागदी पट्टीवर रक्ताचा थेंब, वर औषधी पाण्याचे थेंब, पंधरा-वीस मिनिटांत रेघ उमटली की निकाल. हिला मी नावे ठेवणार नाही. गडचिरोलीच्या रानात, जिथे वीज नाही, रस्ता नाही, तिथे आशाताईंच्या पिशवीतली ही पट्टी जीव वाचविते. तिथे सूक्ष्मदर्शकाची वाट पाहत बसणे हा अधर्म होईल. फाल्सिपॅरम आणि व्हायव्हॅक्स यांची वेगळी रेघ दाखविणाऱ्या पट्ट्याही आपल्याकडे वापरात आहेत. परंतु पट्टी संख्या सांगत नाही, अवस्था सांगत नाही. शिवाय फाल्सिपॅरमची पट्टी बहुधा ज्या प्रथिनावर चालते, ते जंतू मेल्यानंतरही कित्येक आठवडे रक्तात रेंगाळते. म्हणजे बऱ्या झालेल्या माणसालाही पट्टी 'पॉझिटिव्ह' म्हणून पुन्हा औषधाच्या दारी उभे करते. उलट, ते प्रथिन मुळात तयारच न करणारे जंतू २०१० साली पेरू देशात उघडकीस आले आणि पुढे इतरत्रही सापडले. त्यांच्यापुढे ती पट्टी आंधळी. औषधाने संख्या घटते आहे की नाही, तिसऱ्या दिवशीही जंतू शिल्लक आहेत काय, उरल्या आहेत त्या अंगठ्या आहेत की नुसत्या कोरी, हे प्रश्न पट्टीला विचारून उपयोग नाही. अंगठ्या उरल्या तर औषध लागू पडले नसेल अशी शंका घ्यावी. नुसत्या कोरी उरल्या तर रोगी बरा होत आहे, पण त्याला मच्छरदाणीत निजवावे. दोन्ही रोग्यांना 'पॉझिटिव्ह' हे एकच बिरूद चिकटवून आपण काय साधतो? कार्डाला माझा नमस्कार. पण शहरात, तालुक्याच्या गावी, जिथे टेबल आहे, वीज आहे, सूक्ष्मदर्शक आहे, तिथे त्याच्यावर कापड झाकून कार्डाने भागविणे, याला मी आळस म्हणतो.

'सूक्ष्मदर्शक तरी कुठे अचूक आहे?' असे एका विद्वान गृहस्थांनी मला ऐकविले. अचूक नाहीच. लाल पेशीवर एखादी बिंबिका येऊन बसली तर नवशिक्याला ती जंतू वाटते. रंगाचा गाळ बसला तर त्यातही जंतू दिसतात. रंग मिसळण्याचे पाणी आम्ल झाले तर व्हायव्हॅक्सचे ठिपके उठतच नाहीत. बाटलीतले रक्त तासन्‌तास तसेच ठेवून मग काच केली, तर जंतूंचे रूप बिघडते. पण माझा मुद्दा चुकीच्या पुढचा आहे, आणि त्यासाठी मला एक खरी हकीकत सांगावयाची आहे. नोलेसी नावाचा एक माकडांचा हिवताप आहे. त्याचा जंतू १९३२ साली कलकत्त्यात नोल्स आणि दासगुप्ता यांनी वर्णन केला. हा सूक्ष्मदर्शकाखाली मलेरी नावाच्या तिसऱ्या, सौम्य समजल्या जाणाऱ्या जातीसारखा दिसतो. वाढल्यावर तसाच पेशीत आडवा पट्टा. मलेशियाच्या सारावाक भागात अनेक माणसांच्या काचांवर तंत्रज्ञांनी 'मलेरी' असे लिहिले, आणि ते चूक होते. पण ही चूक कशामुळे पकडली गेली? मलेरीचे रोगी एका भागात एवढे कसे, आणि त्यांच्या रक्तात जंतूंची संख्या नेहमीपेक्षा जास्त कशी, असा संशय बलबीर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आला. त्यांनी जंतूंचे आनुवंशिक द्रव्य तपासले आणि २००४ साली जगाला सांगितले की, हा माकडांचा हिवताप माणसांत आला आहे. नाव लिहिले होते, संख्या लिहिली होती, म्हणून चूक पकडता आली. 'पॉझिटिव्ह' लिहिणाऱ्याची चूक कोण पकडणार? त्याने पकडण्याजोगे काही लिहिलेलेच नसते.

पाहण्याची विद्या आपोआप येत नाही, याला रोनाल्ड रॉसपेक्षा मोठा साक्षीदार नाही. आफ्रिकेतील अल्जीरियात कॉन्स्टंटिन येथे लाव्हेरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरने ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका सैनिकाच्या ताज्या रक्तात हालणारे धागे फुटलेला जंतू पाहिला. पुढची कित्येक वर्षे रॉस हिंदुस्थानात ते शोधीत होता आणि असला जंतू नाहीच, असे म्हणत होता. १८९४ साली लंडनला गेला तेव्हा पॅट्रिक मॅन्सन याने त्याला समोर बसवून तो दाखविला. दाखविल्यावर दिसला! पुढे २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत एका डासाच्या जठराच्या भिंतीत त्याला अनोळखी पेशी आढळल्या. त्या कशावरून हिवतापाच्या वाटल्या, तर आतल्या काळ्या कणांवरून. तेच कण, जे त्याने रोग्यांच्या रक्तात पाहून पाठ केले होते. १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते एका अर्थी त्या कणांची ओळख पटण्याचे होते. त्या डासाला ज्याने आपले रक्त पाजले, त्या हुसेन खान नावाच्या रोग्याला डासामागे एक आणा मिळाला होता, हेही जाता जाता सांगून ठेवतो. रक्त देणाऱ्याला आणा, हा आपल्याकडचा भाव तेव्हापासूनचा.

आपल्या देशातही ही विद्या परकी राहिली नाही. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांनी १९४४ साली काचा रंगविण्याचा जो पाण्यात विरघळणारा, स्वस्त आणि झटपट रंग काढला, त्याने आरोग्य केंद्रांतल्या असंख्य काचा रंगल्या आहेत. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५३ साली नियंत्रणाचा आणि १९५८ साली निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. दारोदार फिरून रक्ताच्या काचा घेणारा आणि भिंतीवर तारीख टाकून जाणारा 'मलेरियावाला' तेव्हापासून गावोगावी दिसू लागला. १९६५ च्या सुमारास रोगी एक लाखावर आले. पेढे वाटले गेले. मग डासांनी कीटकनाशकांना दाद देणे सोडले, साहित्य वेळेवर मिळेना, फवारणीत ढिलाई आली, आणि घेतलेल्या काचा तपासल्यावाचून साठत राहिल्या. १९७६ साली रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. शेजारच्या श्रीलंकेत १९६३ साली साऱ्या देशात मिळून सतरा रोगी उरले होते; पाच-सहा वर्षांत तिथेही साथ उलटली. तो देश हिवतापमुक्त ठरला, तो २०१६ साली.

आज पुन्हा तेच वळण आले आहे. २०१५ साली भारतात सुमारे ११ लाख ६९ हजार रोगी नोंदले गेले होते. २०२३ साली सुमारे २ लाख २७ हजार. २०३० पर्यंत हिवताप संपवावयाचा, असा सरकारचा निर्धार आहे. आनंद आहे. पण रोगी घटले की तंत्रज्ञाच्या डोळ्यांखालून जाणाऱ्या जंतूंच्या काचाही घटतात, आणि जो डोळा महिनोन्‌महिने अंगठी पाहत नाही तो अंगठी विसरतो. शेवटचे रोगी शोधणे पहिल्यांपेक्षा अवघड असते. आणि नेमक्या त्याच वेळी आपण म्हणतो, आता एवढी माणसे कशाला? कुणी म्हणतात, आता यंत्र काच वाचील, कृत्रिम बुद्धी जात सांगेल. सांगू दे बापडी! पण त्या यंत्राला शिकविण्यासाठी हजारो चित्रांवर 'ही अंगठी, ही कोर' असे लिहून दिले कुणी? अशाच एखाद्या टेबलावर मान मोडून बसलेल्या माणसाने.

त्या माणसाचा हिशेब एकदा मांडू या. जाड थरात लाल पेशी विरघळून जातात, म्हणून थोड्या जागेत पुष्कळ रक्त पाहता येते. जंतू आहे की नाही ते तिथे कळते. जात ओळखावयाची तर पातळ थर, जिथे पेशी एकेक शाबूत. काच निर्मळ म्हणावयाची तर जाड थरात भिंगाखालची निदान शंभर क्षेत्रे पाहावयास हवीत. जंतू सापडले तर दोनशे पांढऱ्या पेशी मोजून होईपर्यंत जंतू किती आले ते मोजावयाचे आणि चाळीसने गुणावयाचे, की एका मायक्रोलीटर रक्तातली संख्या अदमासे मिळते. जाणत्या माणसालाही एका काचेला पाच ते दहा मिनिटे लागतात. आठ धरू. साठ काचांचे चारशेऐंशी मिनिटे. पुरे आठ तास, पाणी प्यावयास न उठता. आणि याच माणसाने थुंकीही तपासावयाची, लघवीही तपासावयाची, नोंदवह्या भरावयाच्या आणि संगणकावर आकडेही चढवावयाचे! मग कागदावर एकच शब्द उमटला, तर त्यात दोष कुणाचा? त्याचा थोडा, आणि त्याला बसू न देणाऱ्यांचा फार. आपल्याकडे चीरफाड करणाऱ्याचा सत्कार होतो, नवे यंत्र आले की फीत कापली जाते. काच वाचणाऱ्याच्या खुर्चीचा मोडका पाय मात्र विटेवर टेकलेला असतो. ही खुर्ची मी पाहिली आहे, त्या विटेसकट.

खाजगी प्रयोगशाळांना तर ही सबबही नाही. तिथे गिऱ्हाईक पैसे मोजते. काचेवर जात, अवस्था आणि संख्या पाहण्याइतकी विद्या असलेला माणूस नेमणे परवडत नसेल, तर पाटीवरचे 'अद्ययावत' हे विशेषण पुसावे.

आणि घरच्या मंडळींनो, तुम्हीही सुटला नाही. ताप आला की रक्त न तपासता दुकानातून दोन गोळ्या आणावयाच्या, एक पोटात आणि एक 'पुढच्या वेळेसाठी' देवघराच्या फडताळात. हे कोण करते? अर्ध्या गोळ्या घेऊन मग रक्त दिले, तर काचेवर जंतू विरळ झालेले असतात आणि निर्मळ अहवाल घेऊन रोगी आजारीच राहतो. चौदा दिवसांचे औषध पाचव्या दिवशी 'आता बरा आहे की' म्हणून कोण थांबविते? करंज्यांचे सारण दोनदा चाखून पाहणाऱ्या आमच्या गृहिणी रक्ताचा कागद न वाचताच पुढे करतात, आणि भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारे पुरुष प्रयोगशाळेच्या खिडकीशी मात्र मौनव्रत धरतात. तिथे हुज्जत घाला. जात कोणती? कोणती रूपे दिसली? संख्या किती? एवढे तीन प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. माझी मॅट्रिक पुरली. गेल्या वर्षी मी शेजाऱ्यांच्या मुलाचा कागद परत नेऊन खिडकीवर हेच विचारले, तेव्हा आतला पोरगा गोंधळला. 'काका, हे आजवर कुणी विचारले नाही,' म्हणाला. पण अर्ध्या तासाने त्याने काच पुन्हा पाहवून घेतली आणि कागदावर हाताने लिहून दिले : फाल्सिपॅरम, अंगठ्या. ते पाहताच डॉक्टरांनी त्या मुलाला त्याच संध्याकाळी इस्पितळात ठेवून घेतले.

ज्यांच्या टेबलाशी बसून मी हे सगळे पाहिले, ते तंत्रज्ञ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या जागी अद्याप कुणी आलेले नाही. सूक्ष्मदर्शक कपाटात आहे, किल्ली कारकुनाकडे आहे, आणि जागा भरण्यासाठी अर्ज मागविण्यात येणार आहेत, असे मला गेल्या तीन दिवाळ्यांपासून सांगण्यात येत आहे.